दिव्यांग विद्यार्थ्याचे मूल्यमापन: वर्गातील नोंदीपासून दहावीच्या लेखनिकापर्यंत

दहावीची आवेदनपत्रे भरण्याचे दिवस आले, की शाळेच्या कार्यालयात एखादे पालक हमखास येतात आणि मुलाला लिहायला फार वेळ लागतो, त्याला लेखनिक, म्हणजे तो सांगेल ते उत्तर लिहून देणारा मदतनीस, मिळेल का, असे विचारतात. कायद्याच्या दृष्टीने उत्तर ‘मिळू शकेल’ असेच आहे. अडचण अशी असते, की तोपर्यंत मुलाच्या फायलीत उपयोगाची एकही नोंद नसते, प्रमाणपत्र काढलेले नसते, आणि ज्याने आजवर एकदाही दुसऱ्याला सांगून उत्तर लिहून घेतलेले नाही, त्याला थेट बोर्डाच्या पेपरला लेखनिक देण्याची धावपळ सुरू होते. हा लेख अशा पालकांसाठी आणि नव्याने रुजू झालेल्या शिक्षक-मुख्याध्यापकांसाठी आहे. यात महाराष्ट्रातील शाळांमध्ये चालणारा क्रम घेतला आहे. गोव्यातही केंद्राचे हेच दोन कायदे लागू आहेत. तेथील मंडळ आणि त्याचे परीक्षा-नियम मात्र वेगळे आहेत.

पहिली पायरी: दोन कायदे वेगवेगळे ओळखावेत

शाळेतील मूल्यमापनावर प्रामुख्याने दोन कायद्यांचा अंमल चालतो. पहिला, बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९, जो १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. तो सहा ते चौदा वर्षांच्या सर्व मुलांसाठी आहे. त्याच्या कलम २९ मध्ये मूल्यमापन सातत्यपूर्ण आणि सर्वंकष असावे, मुलाला काय समजले आहे आणि ते ज्ञान तो वापरू शकतो का, हे त्यातून पाहावे, तसेच शिकण्याचे वातावरण भीती आणि दडपणापासून मुक्त असावे, असे सांगितले आहे. कलम ३० नुसार प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत कोणत्याही मुलाला बोर्डाची परीक्षा उत्तीर्ण होण्याची सक्ती करता येत नाही. २०१२ च्या दुरुस्तीने दिव्यांग बालकांचा समावेश ‘वंचित गटा’त झाला आणि तीव्र किंवा बहुविध दिव्यांगत्व असलेल्या मुलांना घरी राहून शिकण्याचा पर्यायही मिळाला.

दुसरा, दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, २०१६. तो १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. १९९५ च्या जुन्या कायद्यात दिव्यांगत्वाचे सात प्रकार होते, या कायद्यात एकवीस आहेत. विशिष्ट अध्ययन अक्षमता (वाचन, लेखन किंवा गणित शिकण्यातली अडचण), स्वमग्नता, आणि हिमोफिलिया, थॅलेसेमिया, सिकल सेल हे रक्ताचे आजार नव्याने आलेल्यांपैकी, आणि शाळेच्या दृष्टीने ही भर फार मोलाची आहे, कारण ही मुले पाहताक्षणी ‘दिव्यांग’ वाटत नाहीत. या कायद्याचे कलम १६ शाळेवर जबाबदारी टाकते: प्रत्येक मुलाच्या गरजेनुसार वाजवी सोय करणे, अध्ययन अक्षमता लवकरात लवकर ओळखणे आणि प्रत्येक दिव्यांग विद्यार्थ्याची प्रगती पाहत राहणे. कलम १७ मध्ये तर परीक्षा पद्धतीचा नावानिशी उल्लेख आहे. अभ्यासक्रमात आणि परीक्षेत योग्य ते बदल करावेत, उदाहरणार्थ पेपर सोडवण्यास वाढीव वेळ, लेखनिकाची सोय, दुसऱ्या व तिसऱ्या भाषेतून सूट, असे ते सांगते. वाजवी सोय नाकारणे हा भेदभावच आहे, हे कायद्याच्या व्याख्येतच लिहिलेले आहे. ती मुख्याध्यापकांच्या मर्जीवर सोडलेली गोष्ट नाही.

दोन्ही कायदे एकत्र वाचले, की दोन प्रश्न सुटतात. एक म्हणजे आठवीनंतर काय? पहिला कायदा चौदा वर्षांच्या आणि आठवीच्या आसपास थांबतो, दुसरा थांबत नाही. लक्षणीय दिव्यांगत्व, म्हणजे ४० टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्व असलेल्या मुलाला कलम ३१ नुसार अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे आणि परीक्षेतील सोयी तर बारावीलाही लागू असतात. दुसरा प्रश्न अल्पसंख्याक संस्थांचा. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या निकालाने अल्पसंख्याक शाळांना शिक्षण हक्क कायद्याच्या कक्षेबाहेर ठेवले, आणि तेव्हापासून ‘आम्हाला हे लागू नाही’ असे एक सरसकट उत्तर काही शाळा देतात. २०१६ च्या दिव्यांग कायद्याचे कलम १६ मात्र शासनाने मान्यता किंवा अनुदान दिलेल्या सर्व शैक्षणिक संस्थांबाबत आहे. मान्यता घेतलेल्या शाळेला हे उत्तर देता येत नाही.

दुसरी पायरी: या प्रश्नातून नेमके काय मोजायचे आहे ते ठरवावे

सोय द्यायची म्हणजे पेपर सोपा करायचा, हा सर्वांत मोठा गैरसमज आहे आणि शिक्षक कक्षात त्यावरूनच अधिक वाद होतात. प्रत्येक चाचणीपूर्वी शिक्षकाने स्वतःला विचारायचे, की या प्रश्नातून मला मुलाची कोणती क्षमता पाहायची आहे, आणि तिच्या आड दुसरी कोणती गोष्ट येते आहे. जी आड येते तिच्यासाठी सोय द्यायची. जी मोजायची आहे तिला हात लावायचा नाही.

सहावीच्या गणिताचा प्रश्न घ्या: ‘तीन डझन वह्यांची किंमत ५४० रुपये आहे, तर एका वहीची किंमत किती?’ वाचनाची अक्षमता असलेले मूल ‘डझन’पाशी अडखळते, ओळ पुन्हा पहिल्यापासून धरते आणि वेळ संपेपर्यंत प्रश्नाच्या शेवटापर्यंत पोहोचत नाही. बाईंनी तोच प्रश्न त्याच्या शेजारी उभे राहून हळू वाचून दाखवला, की ते कच्च्या कामात ३६ लिहिते, भागाकार करते आणि ‘पंधरा’ म्हणते. येथे मोजायचे होते ते एकमान पद्धतीचे ज्ञान, वाचन नव्हे. म्हणून प्रश्न वाचून दाखवणे पूर्णपणे योग्य आहे आणि त्यामुळे इतर मुलांवर कोणताही अन्याय होत नाही. पण मराठीच्या तासाला प्रकट वाचनाची चाचणी चालू असताना उतारा बाईंनीच वाचून दाखवला, तर मोजायला काही उरतच नाही. तेथे मुलाला जास्त वेळ द्यावा, अक्षरे मोठी करावीत, एका वेळी एकच ओळ दिसेल अशी पट्टी द्यावी, आणि ऐकून आकलन किती होते याची नोंद वाचनापासून वेगळी ठेवावी.

शुद्धलेखनाचेही असेच आहे. विज्ञानाच्या उत्तरपत्रिकेत एखाद्या मुलाने ‘प्रकाससंस्लेशन’ लिहिले आणि हरितद्रव्य, सूर्यप्रकाश, कार्बन डायऑक्साइड यांची भूमिका बरोबर सांगितली, तर लेखन अक्षमता असलेल्या त्या मुलाचे गुण शुद्धलेखनासाठी कापणे म्हणजे विज्ञानाच्या पेपरात मराठीचे गुण वजा करणे होय. श्रुतलेखनात मात्र तीच चूक चूकच राहील. कर्णबधिर मुलाला तोंडीकामाचे गुण देताना ‘बोलत नाही’ म्हणून शून्य देण्यापेक्षा खुणांच्या भाषेत, चित्रांतून किंवा लिहून उत्तर घ्यावे. अल्पदृष्टी असलेल्या मुलाला भूगोलाचा नकाशा जसाच्या तसा न देता ठळक रेषांचा आणि मोठ्या आकाराचा द्यावा, आणि ते शक्य नसेल तर तेच ज्ञान तपासणारा वेगळा प्रश्न द्यावा.

सिकल सेलची गोष्ट थोडी निराळी आहे. नंदुरबार, गडचिरोली अशा जिल्ह्यांत शिकवणाऱ्यांना हे मूल परिचयाचे असते: चार दिवस छान येते, मग अंग दुखू लागते आणि आठवडाभर दिसत नाही. त्याला लेखनिकाची गरज नसते, वाढीव वेळेचीही सहसा नसते. चाचणीच्या दिवशी गैरहजर असेल तर ती दुसऱ्या दिवशी घेणे, परीक्षा चालू असताना पाणी पिण्याची आणि थोडे थांबण्याची मुभा देणे, हीच त्याच्यासाठी वाजवी सोय. अशा मुलाच्या प्रगतिपुस्तकात रकाने कोरे राहिले, तर तो दोष मूल्यमापनाच्या वेळापत्रकाचा आहे.

हे सारे करण्याची मोकळीक पहिली ते आठवीच्या शिक्षकाला आधीपासूनच आहे. महाराष्ट्र शासनाच्या २० ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयाने सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाची पद्धत आणली. त्यात आकारिक, म्हणजे वर्षभर शिकवता शिकवता करायच्या, मूल्यमापनासाठी दैनंदिन निरीक्षण, तोंडीकाम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय अशी साधने-तंत्रे दिली आहेत. पहिली-दुसरीला आकारिकचा भार ७० टक्के आणि संकलितचा, म्हणजे सत्राच्या शेवटी होणाऱ्या परीक्षेचा, ३० टक्के, तिसरी-चौथीला ६० आणि ४०, पाचवी-सहावीला निम्मे-निम्मे, सातवी-आठवीला ४० आणि ६० असा आहे. म्हणजे लहान वर्गांत दोन तृतीयांशाहून अधिक मूल्यमापन शिक्षक स्वतः निवडलेल्या साधनाने करू शकतात. दिव्यांग मुलांसाठी याहून उपयोगी तरतूद मला तरी दुसरी दिसत नाही, आणि तिच्याइतका कमी वापरही दुसऱ्या कोणत्या तरतुदीचा झालेला दिसत नाही, कारण बहुतेक ठिकाणी आकारिक म्हणजे आणखी एक लेखी चाचणी असेच होऊन बसले आहे.

तिसरी पायरी: वर्णनात्मक नोंद अशी लिहावी, की डॉक्टरांनाही कळावी

वर्णनात्मक नोंदींचे तयार नमुने बाजारात मिळतात आणि व्हॉट्सअॅपवर फिरतात. ‘अभ्यासात रस घेतो’, ‘लेखनात सुधारणा आवश्यक’ अशा नोंदी प्रत्येक मुलापुढे शोभतात, म्हणूनच त्या कोणाच्याही कामाच्या नसतात. ज्या मुलाबद्दल शंका आहे त्याच्याबाबत पाहिलेली गोष्ट लिहावी. ‘लक्ष देत नाही, मागे पडतो’ असे लिहिण्याऐवजी पुढीलप्रमाणे लिहावे: ‘तोंडी विचारल्यास सातचा पाढा बरोबर सांगतो. फळ्यावरून उतरवताना ओळी सुटतात. प आणि ष, घ आणि ध यांत गल्लत होते. दहा ओळी लिहायला वर्गातील मुलांच्या दुप्पट वेळ लागतो, शेवटच्या ओळींत अक्षर वाचता येत नाही. गोष्ट ऐकून प्रश्नांची उत्तरे नीट देतो.’ खाली तारीख टाकावी आणि वहीतील त्या पानाची छायाप्रत जोडावी. तिसरी-चौथीपासून दर सत्रात अशी एक नोंद असली, तरी पुढे तपासणी करणाऱ्या मानसशास्त्रज्ञाला आणि बोर्डाच्या छाननीला तिचा आधार मिळतो, कारण दहावीत अचानक उगवलेल्या अडचणीकडे संशयाने पाहिले जाते.

शंका आली, की प्रथम डोळे आणि कान तपासून घ्यावेत. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत येते तेव्हा त्या मुलाचे नाव पुढे करावे. शेवटच्या बाकावर बसून कमी ऐकू येणारे मूल अध्ययन अक्षम समजले जाण्याची उदाहरणे कमी नाहीत. त्यानंतर गट साधन केंद्रातील (शाळांना मदत करणारे तालुका पातळीवरचे केंद्र) समावेशित शिक्षणाच्या विषयतज्ज्ञांना किंवा विशेष शिक्षकांना कळवावे आणि यू-डायस या शाळांच्या माहितीच्या शासकीय संगणकीय नोंदीत विशेष गरजा असणाऱ्या मुलांची माहिती भरताना हे मूल वगळू नये. ‘आमच्या शाळेत असे मूल नाही’ हे वाक्य काही शाळा अभिमानाने सांगतात. चारशे-पाचशेच्या पटावर ते खरे असण्याची शक्यता फारच थोडी असते. बहुधा कोणी पाहिलेले नसते.

घरी राहून शिकणाऱ्या मुलांचेही मूल्यमापन व्हायचे असते, हे पुष्कळदा विसरले जाते. पटावर नाव असलेल्या अशा मुलासाठी विशेष शिक्षकांनी वैयक्तिक शैक्षणिक आराखडा करावा, त्यातील उद्दिष्टे मुलाच्या आजच्या स्थितीवरून ठरवावीत, आणि प्रगतिपुस्तकातही त्याच उद्दिष्टांवरची प्रगती लिहावी. स्वतःच्या हाताने घास घेऊ लागणे हे तेथे नोंदवण्याजोगे साध्य आहे.

चौथी पायरी: प्रमाणपत्र वेळेत आणि योग्य ठिकाणाहून काढावे

दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र आणि वैश्विक ओळखपत्र, ज्याला सगळे यूडीआयडी म्हणतात, यांसाठी केंद्र शासनाच्या स्वावलंबन पोर्टलवर नोंदणी करावी लागते आणि नेमून दिलेल्या रुग्णालयात तपासणीस जावे लागते. जिल्ह्यात हे सहसा जिल्हा सामान्य रुग्णालयात होते. मुंबईत अध्ययन अक्षमतेच्या तपासणीसाठी शीव, नायर आणि केईएम या रुग्णालयांची नावे पालकांच्या तोंडी असतात. खासगी समुपदेशकाचा अहवाल मुलाला शिकवण्यासाठी उपयोगी असतो, पण बोर्डाच्या सोयींसाठी शासकीय यंत्रणेचे प्रमाणपत्र लागते, हे पैसे खर्च करण्यापूर्वी लक्षात घ्यावे.

अध्ययन अक्षमतेच्या बाबतीत वयाचे गणित सांभाळावे लागते. केंद्राच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार आठ वर्षांखालील मुलाला हे प्रमाणपत्र दिले जात नाही, आणि चौदाव्या व अठराव्या वर्षी पुन्हा तपासणी करायची असते. मार्च २०२४ मध्ये या सूचना सुधारण्यात आल्या. म्हणून पुढची तपासणी केव्हा, हे रुग्णालयातच विचारून प्रमाणपत्राच्या प्रतीवर लिहून ठेवावे. बहुतेक मुले आठवी-नववीच्या सुमारास चौदा वर्षांची होतात. चौथीत काढलेले प्रमाणपत्र फायलीत आहे म्हणून निश्चिंत राहिलेल्या पालकांना दहावीच्या आवेदनपत्राच्या वेळी नव्या तपासणीची तारीख शोधत फिरावे लागते. आठवीच्या उन्हाळ्याच्या सुटीतच हे काम हातावेगळे करावे.

तपासणीचा क्रमांक लागेपर्यंत कधी कधी अनेक महिने जातात. पण वर्गातल्या चाचणीला दहा मिनिटे जास्त देण्यासाठी किंवा प्रश्न वाचून दाखवण्यासाठी शिक्षकाला प्रमाणपत्राची वाट पाहावी लागत नाही.

टक्केवारीबाबतही एक स्पष्टता हवी. ४० टक्क्यांची अट आरक्षणासारख्या लाभांसाठी आहे. कलम १६ आणि १७ मध्ये परीक्षेतील सोयींबाबत ‘दिव्यांग विद्यार्थी’ एवढेच म्हटले आहे. सर्वोच्च न्यायालयाने ११ फेब्रुवारी २०२१ रोजी विकास कुमार विरुद्ध केंद्रीय लोकसेवा आयोग या खटल्यात, लिहिताना हात आखडण्याचा त्रास असलेल्या उमेदवाराला ४० टक्के भरत नाहीत म्हणून लेखनिक नाकारता येणार नाही, असा निर्णय दिला. त्यानंतर केंद्राने ऑगस्ट २०२२ मध्ये ४० टक्क्यांहून कमी दिव्यांगत्व, पण लेखनात अडचण असलेल्या उमेदवारांसाठी वेगळ्या सूचना काढल्या. हा खटला नोकरीच्या परीक्षेचा होता; तरी वाजवी सोयीचे जे तत्त्व त्यात मांडले आहे, ते शाळेला पत्र लिहिताना निःसंकोच नमूद करावे.

पाचवी पायरी: पाचवी आणि आठवीच्या वार्षिक परीक्षेकडे दुर्लक्ष करू नये

‘आठवीपर्यंत नापास करत नाहीत’ हे आता पूर्ण खरे राहिलेले नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १६ मध्ये २०१९ साली दुरुस्ती झाली. तिच्यानुसार पाचवी आणि आठवीच्या शेवटी नियमित परीक्षा घेता येते, अनुत्तीर्ण मुलाला पूरक मार्गदर्शन देऊन निकालानंतर दोन महिन्यांच्या आत पुनर्परीक्षा घ्यायची असते, आणि तरीही उत्तीर्ण न झाल्यास त्याला त्याच वर्गात ठेवण्याची मुभा राज्य सरकारला मिळते. महाराष्ट्राने २०२३ मध्ये नियम बदलून ही वार्षिक परीक्षा सुरू केली. मुलाला शाळेतून काढून टाकता मात्र येत नाही.

दिव्यांग मुलाच्या पालकांनी या दोन्ही वर्षी जूनमध्येच मुख्याध्यापकांना लेखी पत्र देऊन कोणत्या सोयी हव्यात ते कळवावे. राज्याच्या शालेय शिक्षण विभागाने ऑक्टोबर २०१८ मध्ये काढलेला सवलतींचा शासन निर्णय पहिली ते बारावीपर्यंतच्या विद्यार्थ्यांसाठी आहे, केवळ दहावी-बारावीसाठी नाही. शाळेला तो माहीत नसेल, तर त्याची प्रत पत्रासोबत जोडावी. वाद घालण्यापेक्षा त्याने काम लवकर होते.

सहावी पायरी: दहावीला कोणती सवलत घ्यायची आणि कोणती सोडायची

राज्य मंडळाच्या परीक्षेत दिव्यांगत्वाच्या प्रकारानुसार सोयींची यादी ठरलेली आहे. वाढीव वेळ, लेखनिक, तळमजल्यावर बैठक, आकृत्या व नकाशे यांतून सूट, गणनयंत्राचा वापर, शुद्धलेखनाच्या चुकांकडे दुर्लक्ष, भाषेतून सूट, सामान्य गणिताऐवजी सातवीच्या पातळीचे अंकगणित, उत्तीर्ण होण्यासाठी वाढीव गुण, अशा त्या आहेत. सगळ्या सर्वांना मिळत नाहीत. आपल्या मुलाच्या प्रवर्गापुढे काय लिहिले आहे ते पाहावे. वाढीव वेळेचा सर्वसाधारण हिशेब तासाला वीस मिनिटे असा आहे, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास आणि दोन तासांच्या पेपरला चाळीस मिनिटे.

या सवलती दोन जातींच्या आहेत आणि निर्णय घेताना त्या वेगळ्या ठेवाव्यात. वेळ, लेखनिक, मोठा टंक, बैठकीची जागा यांमुळे परीक्षेची पद्धत बदलते, अभ्यासक्रम तोच राहतो. या घेण्यात तोटा नाही, त्या गरजेनुसार जरूर घ्याव्यात. विषय बदलणे किंवा वगळणे ही मात्र दुसरी जात. सातवीचे अंकगणित घेतले, तर दहावी सुटते, पण अकरावीला गणित घेण्याचा मार्ग जवळपास बंद होतो आणि त्यावर अवलंबून असलेले अभ्यासक्रमही दुरावतात. ज्या मुलाला संख्यांचे आकलनच कठीण आहे त्याच्यासाठी हा पर्याय दिलासा देणारा आहे. परंतु ज्याची अडचण केवळ वाचन-लेखनाची आहे, ज्याला प्रश्न वाचून दाखवला की तो बीजगणित सोडवतो, त्याला ‘टक्केवारी वाढेल’ म्हणून हा विषय घ्यायला लावणे चुकीचे आहे, आणि असा सल्ला शाळांकडूनच दिला जातो हे अधिक खेदाचे आहे. नववीच्या पहिल्या सत्रात मुलाला वाढीव वेळ आणि लेखनिक देऊन सामान्य गणिताची चाचणी घ्यावी, ती पाहावी आणि मग मुलाला सोबत घेऊन निर्णय करावा.

मागणी शाळेमार्फतच जाते. आवेदनपत्रात दिव्यांग प्रवर्गाचा रकाना भरणे, प्रमाणपत्राची प्रत जोडणे आणि सवलतींचा प्रस्ताव विभागीय मंडळाकडे पाठवणे ही कामे मुख्याध्यापकांची आहेत. पालकांनी प्रस्तावाची पोच आणि मंडळाच्या मंजुरीपत्राची प्रत मागून घ्यावी. सीबीएसई किंवा आयसीएसईच्या शाळेत मुलाला मिळालेली सोय राज्य मंडळात आपोआप येत नाही. मंडळ बदलले की मागणी नव्याने करावी लागते.

सातवी पायरी: लेखनिकाचा सराव

लेखनिक हा परीक्षार्थीपेक्षा खालच्या इयत्तेतील असावा, असा नियम आहे. त्यामुळे दहावीच्या मुलासाठी सहसा नववीचा विद्यार्थी शोधला जातो. तो शोधताना सुंदर अक्षरापेक्षा न कंटाळता ऐकून घेण्याची सवय महत्त्वाची ठरते. ऐन वेळी तो आजारी पडला तर काय, म्हणून दुसरे एक नाव तयार ठेवावे आणि बदलाची पद्धत केंद्रसंचालकांना आधी विचारून घ्यावी.

सांगून लिहून घेणे ही शिकावी लागणारी गोष्ट आहे. पहिल्या सरावात बहुतेक मुले एका दमात चार वाक्ये बोलतात, लेखनिक दुसऱ्याच वाक्यावर असतो, आणि ‘काय म्हणालास?’ असे विचारल्यावर मुलाचा धागा तुटतो. म्हणून अर्धे वाक्य बोलून थांबायला, परिच्छेद कोठे संपवायचा ते सांगायला आणि लिहिलेले परत वाचून घ्यायला शिकवावे. भूमितीत ‘रेषाखंड एबी, मग बी बिंदूपाशी काटकोन’ अशी सूचना क्रमाने देता आली पाहिजे. बेरजेत हातचा कोठे मांडायचा हेही मुलानेच सांगायचे असते, लेखनिकाने स्वतःहून मांडायचा नसतो. नववीच्या सर्व घटक चाचण्या याच पद्धतीने घेतल्या, तर बोर्डाच्या पहिल्या पेपरला मुलाचे लक्ष उत्तरांवर राहते.

बैठक स्वतंत्र खोलीत मागावी, कारण पंचवीस मुलांच्या वर्गात कुजबुजत उत्तर सांगणे दोघांनाही जड जाते.

आठवी पायरी: नकार आला तर

तोंडी नकाराला तोंडी उत्तर देत बसू नये. मुख्याध्यापकांना तारखेसह लेखी अर्ज द्यावा, त्यात २०१६ च्या कायद्याची कलमे १६ व १७ आणि हवी असलेली सोय नमूद करावी आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का-सही घ्यावी. उत्तर आले नाही, तर तोच अर्ज गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे आणि जिल्हा परिषदेच्या शिक्षणाधिकाऱ्यांकडे न्यावा. मुंबई महापालिकेच्या शाळांसाठी पालिकेच्या शिक्षण विभागाकडे. केंद्राच्या २०१७ च्या नियमांत जिल्हा शिक्षण कार्यालयात दिव्यांग बालकांच्या प्रवेश आणि सुविधांसाठी समन्वय अधिकारी असावा असे म्हटले आहे, त्याचे नाव मागून घ्यावे. प्रश्न बोर्डाच्या सवलतीचा असेल तर विभागीय मंडळाच्या सचिवांना लिहावे.

यानेही काम झाले नाही, तर पुण्यातील राज्य दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करता येते. या कायद्याखालील चौकशीत राज्य आयुक्तांना दिवाणी न्यायालयाचे काही अधिकार असतात. कायद्याच्या उल्लंघनाला कलम ८९ नुसार पहिल्या वेळी दहा हजार रुपयांपर्यंत, आणि पुन्हा झाल्यास पन्नास हजार ते पाच लाख रुपयांपर्यंत दंड आहे. आठवीपर्यंतच्या मुलाचा प्रश्न शिक्षण हक्काशी निगडित असेल, तर राज्य बालहक्क संरक्षण आयोगाचाही पर्याय आहे. बहुतेक प्रकरणे इतकी पुढे जात नाहीत. पोच असलेला दुसरा अर्ज गेला, की कार्यालय हलते.

दहावीनंतरचे कागद

निकाल लागला म्हणून फाइल बंद करू नये. अकरावी-बारावीत सवलतींची मागणी कनिष्ठ महाविद्यालयामार्फत पुन्हा करावी लागते, आणि एमएचटी-सीईटी (राज्यातील अभियांत्रिकी, औषधनिर्माणशास्त्र अशा अभ्यासक्रमांसाठी), नीट (वैद्यकीयसाठी) यांसारख्या प्रवेश परीक्षांचे अर्ज, नमुने आणि प्रमाणपत्राच्या अटी प्रत्येकी वेगळ्या असतात. सप्टेंबर २०२१ च्या नीट परीक्षेत लेखन अक्षमता असलेल्या एका विद्यार्थिनीची उत्तरपत्रिका मुंबईतील केंद्रावर वाढीव तास न देता काढून घेण्यात आली. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२१ मध्ये तिच्यावर अन्याय झाल्याचे मान्य केले आणि ही परीक्षा घेणाऱ्या राष्ट्रीय परीक्षा यंत्रणेला (एनटीए) उपाय शोधायला सांगितले, पण पुनर्परीक्षा मात्र दिली नाही. तेव्हा अर्जात दिव्यांगत्वाची माहिती भरली आहे का, प्रवेशपत्रावर ती आली आहे का, माहितीपुस्तिकेतील वाढीव वेळेचे पान छापून घेतले आहे का, हे परीक्षेच्या किमान आठवडाभर आधी पाहावे, आणि केंद्रावर पोहोचताच पेपर सुरू होण्यापूर्वी ते पान केंद्रप्रमुखांना दाखवून पेपर संपण्याची वाढीव वेळ पर्यवेक्षकांना कळवली आहे ना, याची खात्री करून घ्यावी.